साडेपाचचा टोल

किस्से कुणी जमवायला जात नाही. वाचनालयाच्या वरच्या फळीवर धूळ साठते तसे ते आपोआप साठतात. आपण शोधायला जातो भलतंच काहीतरी, आणि बाही भरून निघते! मी दर महिन्याला आमच्या संस्थेला ट्रेनिंगचा रिपोर्ट पाठवते. त्यात उद्दिष्टं असतात, साध्य असतं, ‘पुढील दिशा’ असते. किस्से लिहायला मात्र रकाना नसतो. ते माझ्याकडेच पडून राहतात. आता इतके झालेत की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

आधी मंडळींची ओळख करून देते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या खेड्यांमध्ये जी सार्वजनिक वाचनालयं आहेत, त्यांच्या ग्रंथपालांना मी ट्रेनिंग देते. पुस्तकं नीट कशी लावायची हे त्यातलं सोपं काम. गाव वाचनालयात कसं आणायचं, हे अवघड. मी मूळची न्हावऱ्याची, पण शाळेपासूनच लांब वाढले. आधी डेहराडून, मग ग्रंथालयशास्त्र शिकायला पार स्कॉटलंड. परत आले तेव्हा चुलत्यांनी विचारलं, “तिकडं जाऊन पुस्तकांच्या रांगा लावायला शिकलीस व्हय? त्या तर बोरवाडीचा आबा हितं बसून लावतोय की!”

तर हे बोरवाडीचे आबा. बोरवाडी म्हणजे इनामगावाच्या पुढचं, घोड नदीच्या काठावरचं लहानसं गाव. आबा तिथले ग्रंथपाल, धोतर-टोपीतले, ताठ. माझ्यावर खूश असले की मला ‘पोरी’ म्हणतात, कामाचं बोलायचं असलं की ‘ताई’ आणि चिडले की ‘म्याडम’. पहिले सहा महिने मी म्याडमच होते.

दुसऱ्या वरवंडच्या मंगलताई. त्यांचं वाचनालय हायवेला लागून, आणि आवाज हायवेच्याही वर जाणारा. तिसरा आमच्या न्हावऱ्याचा सिद्धार्थ. दिवसा कंपनीत शिफ्ट करतो आणि संध्याकाळी बौद्धवस्तीतलं वाचनालय चालवतो. ट्रेनिंगला येणारे अजून बरेच आहेत, पण किस्से घडतात ते या तिघांमुळेच!

* * *

पहिलं ट्रेनिंग वरवंडला झालं. मी उत्साहाने नुसती उकळत होते. ‘वाचकाचं स्वागत’ हा विषय होता. भाषण द्यायचं नाही, नाटुकलं करून दाखवायचं, असं मी ठरवलं. मंगलताई वाचक आणि आबा ग्रंथपाल.

आबा टेबलामागे बसले. मंगलताई दारातून आत आल्या आणि छान हसून म्हणाल्या, “नमस्कार! मला एखादी चांगली कादंबरी हवी होती.”

आबांनी चष्म्यावरून पाहिलं. “वर्गणी भरली का?”

मी मध्ये पडले. “आबा, आधी हसायचं. बसा म्हणायचं. पाणी विचारायचं. मग बाकीचं.”

“बरं.” आबा हसले. म्हणजे ओठ ताणले. “बसा. पाणी पायजे का? वर्गणी भरली का?”

“आबा, असं समजा की भरली आहे.”

“समजा कसं? पावती दाखवू द्या की.”

मंगलताईंनी हवेतल्या हवेत पावती दाखवली. आबांनी ती हवेतल्या हवेत हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली. मला वाटलं, जमलं! आता पुस्तक देतील.

“न्हाई देता येणार,” आबा म्हणाले.

“आता काय झालं?”

“ह्या वरवंडच्या हायेत म्याडम. आमच्या गावच्या रहिवासीच न्हाईत!”

* * *

पुढचं ट्रेनिंग बोरवाडीला, आबांच्याच वाचनालयात. ही खोली म्हणजे गावातली जुनी शाळा. लांबच लांब हॉल, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, सगळ्यांना कुलपं. शाळा नव्या इमारतीत गेली, पण तिचा टोल इथंच राहिला. टोल म्हणजे व्हरांड्यात तारेला टांगलेला रुळाचा तुकडा. कुणीतरी कधीतरी दौंडच्या रेल्वेतल्या ओळखीने आणलेला. गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी लहानपणी याच खोलीत याच टोलावर शाळा केलेली आहे.

त्या दिवशी माझा विषय होता, ‘वाचनालय: सर्वांसाठी खुलं घर’. माझा आवडता विषय! दार कधीच बंद वाटू नये, असं मी अगदी जीव तोडून सांगत होते. “वाचनालय ही गावातली एकमेव जागा आहे, जिथे तुम्हाला कुणीही ‘तुम्ही इथे कशासाठी आलात’ असं विचारत नाही, जिथून तुम्हाला कुणीही ‘आता उठा’...”

ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

मी दचकून खाली बसलेच. आबा व्हरांड्यात लोखंडी गज घेऊन उभे होते. “साडेपाच वाजले. वाचनालय बंद करायची येळ झाली. खुर्च्या आत सारा.”

“आबा, अहो ट्रेनिंग चालू आहे!”

“ते ऱ्हाऊ द्या. उद्याच्याला करा.”

आणि काय सांगू, ट्रेनिंगला आलेल्या ग्रंथपालांमधले बोरवाडीच्या आसपासचे, लहानपणी याच शाळेत शिकलेले तिघे मुकाट्याने उठले, खुर्च्या टेबलाखाली सारल्या आणि बाहेर जाऊन चपला शोधायला लागले!

मी आबांना खूप समजावलं. शेतातनं माणसं परत येतात तेव्हाच तुम्ही बंद करता. आणि बंद करायचंच तर हळुवारपणे करा. परदेशात मंद संगीत लावतात, लोकांना आपोआप कळतं.

“गाणं लावल्यावर माणूस उठतोय व्हय म्याडम? उलटा पाय पसरून बसतोय!”

त्याच संध्याकाळी आम्ही व्हरांड्यात चहा पीत असताना सरपंच आले. तरुण माणूस, बोलायला गोड. त्यांनी सरळ सांगितलं, “ताई, तुमचं चाललंय ते चांगलंच हाय. पर ही खोली आम्हाला डेरीला पायजे. दूध रस्त्यावर उन्हात उभं ऱ्हातं, बायांना कॅन घेऊन ताटकळावं लागतं. हितं मोठी कूलरची टाकी बसंल. वाचायला हितं येतंय कोण? येणारी ग्रामसभा व्हईपर्यंत माणसं दिसली तर ठेवू वाचनालय. न्हाई तर पुस्तकं नव्या शाळेच्या माळ्यावर.”

आबांनी चहाची कपबशी विसळून पालथी घातली आणि कुलूप ओढून पाहिलं. एकदा, मग पुन्हा एकदा. माळ्यावर जाणारी पुस्तकं परत खाली येत नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी मात्र तिथल्या तिथे शपथ घेतली की ही खोली वाचवायची. माझं ट्रेनिंग दुसऱ्या कशासाठी होतं?

* * *

पुढच्या वेळी मी सगळ्यांना जमिनीवर रांगोळीने आपापल्या गावाचा नकाशा काढायला लावला. माणसं कुठे थांबतात, तिथे ठिपका द्यायचा. ठिपका तिथे वाचनालय गेलं पाहिजे! मंगलताईंनी सगळ्यात मोठा ठिपका दिला पिठाच्या गिरणीवर. आणि दुसऱ्याच आठवड्यात तिथे पुस्तकांची फळी लावून मोकळ्या झाल्या. नियम एकच. दळण होईपर्यंत वाचायचं.

मी बघायला गेले. बायका डबे रांगेत ठेवून वाचत होत्या. पुस्तकांवर, भुवयांवर, सगळीकडे पीठ. गिरणीचा घरघराट चालूच. माझ्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं, इतकं सुंदर दृश्य!

गिरणीवाला मात्र वैतागलेला. “ताई, ही फळी हलवा. धंदा बसला माझा.”

“का? गर्दी तर वाढलीय.”

“गर्दी वाढली, पर हलत कोण न्हाई! त्या बाईंचं बाजरीचं पीठ झालंय. सांगितलं तर म्हणत्यात, पुन्हा एकदा टाका.”

कोपऱ्यातून पुस्तकातलं डोकं वर न काढता आवाज आला, “बारीक दळा भाऊ, बारीक! दोनच पानं ऱ्हायलीत!”

* * *

सिद्धार्थची गोष्ट वेगळी. त्याच्या वाचनालयात वस्तीतली पोरं भरपूर, पोलीस भरतीचा अभ्यास करणारी. पण वरच्या आळीतलं कुणी उंबरा ओलांडायचं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. मी यावर भाषण द्यायला निघाले होते. सिद्धार्थ म्हणाला, “ताई, तुम्ही थांबा जरा.”

वरच्या आळीतले एक आप्पा रोज संध्याकाळी यायचे. दाराबाहेर उभे राहायचे. सिद्धार्थने दाराशेजारी पेपरचं टेबल ठेवलं होतं. आप्पा बाहेरूनच हात घालून पेपर उचलायचे, उभ्या उभ्या वाचायचे आणि परत ठेवून निघून जायचे.

सिद्धार्थने काय करावं? रोज ते टेबल वीतभर आत सरकवायला सुरुवात केली. आधी आप्पांना हात लांब करावा लागला. मग वाकावं लागलं. मग एक पाय उंबऱ्याच्या आत आला. मग दुसरा. दोघांपैकी कुणीही याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आप्पा रोज जिथे टेबल तिथे, आणि उभेच.

एके दिवशी आप्पांनी पेपर खाली केला आणि सिद्धार्थकडे पाहिलं.

“टेबल सरकवतुयास ते मला दिसत न्हाई व्हय रं?”

सिद्धार्थने टेबलावरचे दोन्ही हात मागे घेतले.

“असं वीत वीत काय सरकवतुयास? पार पंख्याखाली न्हे, म्हंजी बसता यील!”

सिद्धार्थने हा अनुभव ट्रेनिंगमध्ये सांगितला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर उभी राहून वाजवल्या. आबाही मान डोलवत ऐकत होते. घरी जाताना म्हणाले, “टेबलाची आयडिया चांगली हाय हां.”

मी आनंदाने दुसऱ्या दिवशी बोरवाडीला गेले. आबांनी खरंच टेबल सरकवलं होतं. आतून बाहेर! पार दाराच्या तोंडाशी आणून आडवं लावलं होतं.

“आता कपाटापत्तुर कुणी पोचतच न्हाई,” आबा समाधानाने म्हणाले.

* * *

परदेशात एक फार छान कल्पना आहे. पुस्तकाऐवजी माणूसच ‘इश्यू’ करायचा. ज्याच्याकडे अनुभव आहे, तो माणूस पुस्तक होऊन बसतो. वाचक त्याला अर्धा तास घेतो, प्रश्न विचारतो, गोष्टी ऐकतो आणि परत करतो. मी ही कल्पना सांगितली तेव्हा आबांनी एवढंच विचारलं, “कव्हर कुठनं घालायचं?”

वरवंडला आम्ही हा प्रयोग केला. मंगलताईंनी पुस्तक म्हणून आणलं स्वतःच्या सासूबाईंना! आयुष्यभर फुलांची शेती केलेली बाई. शेवंती कधी लावायची, मार्केटला माल कधी न्यायचा, दलालाशी कसं बोलायचं, सगळं तोंडपाठ. हायवेच्या पलीकडच्या चार बायकांनी त्यांना मिळून घेतलं आणि आपल्या मळ्यात घेऊन गेल्या.

अर्धा तास झाला. एक तास झाला. प्रयोग संपवायची वेळ आली तरी सासूबाईंचा पत्ता नाही. मी काळजीत पडले. पहिलाच प्रयोग आणि पुस्तक गहाळ!

इतक्यात त्या बायकांपैकी एकीचा मंगलताईंना फोन आला. सासूबाई अजून रंगात आल्यात, जेवू घालूनच सोडतो म्हणाली. स्पीकर चालू होता. सगळे ऐकत होते.

मंगलताईंनी क्षणाचाही विलंब लावला नाही.

“काही घाई न्हाई गं बाई! पंधरा दिवसांची मुदत वाढवून देते!”

* * *

इकडे बोरवाडीला ग्रामसभा जवळ येत होती आणि माणसं काही दिसत नव्हती. मी वाचन-कट्टा केला. मी आणि आबा. मी गोष्टींचा तास केला. मी, आबा आणि एक शेळी. आबा मला धीर द्यायला म्हणाले, “इनामगावला मातीखालनं हजारो वर्सांची मडकी काढली ना लोकांनी? तशी आपली पुस्तकंबी कवातरी कोण काढंल.”

आणि मग गणपतमामा आले.

इथे आबांची एक सवय सांगायला हवी. आबा प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालतात. अपवाद नाही. सगळी पुस्तकं बाहेरून सारखी. गावातल्या एका जुन्या मास्तरांनी गाव सोडून जाताना आपल्याकडच्या रविवारच्या पुरवण्यांचा गठ्ठा वाचनालयाला दिला होता. आबांनी तो सगळाच्या सगळा कव्हरांना वापरला. मी याच्याविरुद्ध एक संपूर्ण तास घेतला होता. मुखपृष्ठ दिसलं पाहिजे, मुखपृष्ठ वाचकाला हाक मारतं, वगैरे.

गणपतमामा पहिल्यांदा आले ते पावसाने अडकले म्हणून. आबांनी त्यांना एक पुस्तक दिलं. चारच दिवसांत मामा परत आले. “आबा, ह्याच्या पुढचं द्या.”

आबांनी पुस्तक उघडून पाहिलं. शेतीखतांवरचं होतं. “याला पुढचं न्हाई. एवढंच हाय.”

“आतलं न्हाई हो! भाईरचं!” मामांनी कव्हरावर बोट ठेवलं. “ती इंदू रातच्याला घरनं निघून गेली, आन् चेअरमनची जीप तिच्या मागं लागली. म्होरं काय झालं? त्याच्या पुढचं कव्हर द्या!”

पुरवणीत कधीकाळी एक क्रमशः कादंबरी येत होती, आणि ती आबांच्या वाचनालयात पुस्तकांच्या अंगावर विखुरली होती! एक भाग खतांवर, एक आरोग्यावर, एक कुठल्याशा चरित्रावर.

मामांनी ही गोष्ट पारावर सांगितली. झालं! दुसऱ्या दिवशी पारच वाचनालयात. पाठोपाठ डेरीच्या रांगेतल्या बायका. इंदूचं काय झालं, हे सगळ्यांनाच हवं होतं. एका कव्हरावर अर्धाच रकाना, उरलेला घडीच्या आत. मग घडी उलगडायला पुस्तक काढावं लागायचं, आणि पुस्तक हातात आलं की एखादं पान चाळलं जायचं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. कव्हर शोधता शोधता एक आजी आरोग्याच्या पुस्तकातलं मधुमेहाचं प्रकरण वाचून काढत होत्या. आणि आबा, जे आयुष्यभर कुलपांना जपत आले, त्यांनी कपाटं उघडी टाकली! काय करणार? पुढचा भाग कुठल्या कपाटात आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि इंदूची काळजी त्यांनाही लागली होती.

टोल मात्र साडेपाचला. इंदू विहिरीच्या काठावर उभी असली तरी ठण्ण! सगळे हळहळत उठायचे, खुर्च्या सारायचे आणि बाहेर.

“आबा, दहा मिनिटं!” मी हात जोडायचे. “माणसं स्वतःहून आलीत!”

“उद्या येतील की. इंदू कुठं पळून जाती?”

“आबा, ती पळूनच गेलीय!”

सगळे भाग सापडले. एक सोडून. शेवटचा.

* * *

ग्रामसभेच्या दिवशी देवळाच्या सभामंडपात लग्न होतं. दुसरी मोठी जागा कुठली? वाचनालय. दुपारी चारला गाव यायला लागलं. खुर्च्या भरल्या, सतरंज्या भरल्या, माणसं कपाटांना टेकून उभी राहिली. मंगलताई आणि सिद्धार्थही आमच्या पाठिंब्याला आले होते. आबा दारात उभे होते. त्या खोलीत शाळा गेल्यापासून एवढी माणसं कधीच आली नसतील.

“पोरी,” आबा हळूच म्हणाले, “तू म्हणत व्हतीस ना गर्दी जमवा? बघ. बंद करायला का व्हईना, आली समदी.”

सरपंचांनी विषय मांडला आणि नीट मांडला. चष्मा काढून समोरच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “कुणाचं मन दुखवायचं न्हाई. पर दूध नासतं. पुस्तकं नासत न्हाईत. माळ्यावर ऱ्हातील.”

गणपतमामा उठले. “पर अजून शेवटचं कव्हर घावलं न्हाई!”

हशा झाला. सरपंचही हसले. “मामा, कव्हरं वाचायला हॉल कशाला पायजे? कव्हरं काढून घरी न्ह्या.”

मागून एक बाई बोलल्या, “माझी पोरगी हितं अभ्यासाला बसती. घरी टीव्ही चालू असतो.” लगेच दुसरी म्हणाली, “आन् माझं दूध उन्हात बसतं, त्याचं काय?” दोघी एकमेकींच्या जावा. आवाज वाढला. दोन्ही बाजूंची माणसं उठून बोलायला लागली. मंगलताईंना राहवेना. त्या उभ्या राहून म्हणाल्या, “मी काय म्हणते...”

“तुम्ही खाली बसा,” आबांनीच दारातून सांगितलं. “तुम्ही वरवंडच्या. रहिवासी न्हाई!”

मी बोलायला उठणार होते. मुद्दे काढून आणले होते. आबांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. मी बसूनच राहिले. समोर कपाटांची दारं उघडी होती आणि आतली पुस्तकं सगळी एकसारखी, पिवळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

बोलणं लांबलं. शेवटी सरपंचांनी टेबलावर थाप मारली. “बास झालं. ठराव मतालाच टाकू. खोली डेरीला द्यावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा.”

हात वर व्हायला लागले. पुढून काही, मग मधून काही, मग कपाटांच्या बाजूने. मंगलताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. सिद्धार्थ जमिनीकडे बघत होता. सरपंच उभे राहून बोटाने हात मोजायला लागले. मी आबांकडे पाहिलं. आबा दारात नव्हते.

ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

“साडेपाच वाजले. वाचनालय बंद करायची येळ झाली. खुर्च्या आत सारा.”

वर गेलेले हात खाली आले आणि पिशव्या उचलायला लागले. बायकांनी पदर सावरला. सतरंज्या आपोआप गुंडाळल्या गेल्या. कपाटाला टेकलेल्यांनी कपाटांची दारं लावली. लहानपणी जात असतील तशी दोन रांगांत माणसं दाराकडे निघाली. सरपंचांनी मोजायचं थांबवलं, आपली खुर्ची उचलून टेबलाखाली नीट आत सारली आणि रांगेत शेवटी उभे राहिले.

आबांनी पंखे बंद केले. खिडक्या लावल्या. दार ओढलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

अंगणात सगळं गाव आपापल्या चपला शोधत होतं. सरपंचांच्या एका पायात चप्पल होती, दुसरी हातात. ते तसेच थांबले. डोळे बारीक करून त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा गावाकडे पाहिलं, आणि मग आबांकडे.

“आबा,” ते म्हणाले, “माझा चष्मा आत ऱ्हायला.”

आबांनी किल्ली कोपरीच्या खिशात टाकली.

“सकाळी आठला उघडतो. वर्गणी भरली का?”